लाल पेशी बघ्या नसतात

झरी,
१२ जुलै २०२५

प्रिय संघप्रिया,

जय भीम. तू बरी असशील. मी पण ठीक हाय.

माझं सगळं बदललं ते कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तू माझ्या बोटाला सुई टोचलीस तेव्हा. रक्त काचेच्या बारीक नळीत घेऊन अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला तू नळी मोडत होतीस. चौथ्या मिनिटाला दोन तुकड्यांच्या मधात गोठलेल्या रक्ताची तार दिसली अन् तू म्हणालीस, "नागसेन, धागा आला बघ!" तुझं डोकं इतकं जवळ होतं, की मला श्वास घ्यायचं सुचलं न्हाई.

आता इथं एका लॅबमध्ये रक्त घ्यायला जातो. माय म्हणती, पोरगा शांत झाला. तिला काय माहीत.

कॉलेज सरांमुळं सोडलं, असं सगळ्यांना सांगत आलो. खोटं हाय. सरांनी त्याच दिवशी नुसतं विचारलं होतं, रक्त गोठताना लाल पेशी काय करतात? मी तोऱ्यात म्हणालो, "काई न्हाई सर. बघ्या असतात, धाग्यांच्या जाळीत सापडतात."

तू हळूच म्हणालीस, "बघ्या न्हाईत. प्लेटलेटला रक्तवाहिनीच्या काठाकडं ढकलतात. जाळी आवळली की दबून कोनाकोनाच्या होतात, एकमेकींना घट्ट बसतात, फट ठेवत न्हाईत."

बालाजी मागच्या बाकावरून ओरडला, "घे रे! पार्टनरनंच आपटलं!" सगळे हसले. अन् मी तुला म्हणालो, "माझ्या जिवावर पास व्हायलीस अन् मलाच शिकवायलीस?"

खरं तर माझं जर्नल तूच पूर्ण करायचीस, संघप्रिया. तू मान खाली घालून काचा गोळा करत राहिलीस. एक बोटात घुसली. मी नुसता उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून तुला तोंड कसं दाखवू म्हणून कॉलेजला गेलोच न्हाई.

आज दुपारच्या गाडीनं तू नांदेडला नोकरीवर चाललीस, सगळी बॅच परभणी स्टेशनला यायलीय, असं राजेश्रीनं सांगितलं. बरं झालं. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोरच माफी मागतो. तेवढंच बोलणार.

पुढचं कागदावरच ठेवतो, न्हाईतर त्याच्यासाठी माफी मागायलोय असं तुला वाटंल. तू मला लय आवडतेस. माफ केलंस तरच हा कागद हातात देईन. न्हाईतर माझ्याच खिशात राहील.

परभणीची एसटी फाट्यावर दिसायलीय. दार ओढून घेतो. निघालो.

'तुझा' लिहू का, हे तुला विचारायचं राहिलेला,
नागसेन