पुलापर्यंतचा नकाशा

९ फेब्रु.
कळमनुरी. मोठ्यांची इंग्रजीची बॅच, दुपारी दोनची, सात जण. पुस्तकात रस्ता सांगायच्या धड्यात म्युझियम, स्विमिंग पूल, ट्राम. ट्राम! पुस्तक बाजूला ठेवलं आणि कार्डशीटवर आपलंच गाव काढलं. बसस्टँड, तहसील, पाण्याची टाकी, नाल्यावरचा पूल. झकास झालंय. स्वतःवरच खूश.

१२ फेब्रु.
शीलाताई सगळ्यांच्या पुढे. अंगणवाडीत मदतनीस, चाळिशीच्या. नांदेडला एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर जागा आहे, मुलाखत २४ ला. येणाऱ्याला इंग्रजीतून रस्ता सांगता आला पाहिजे. ‘गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट’ न अडखळता. बियाण्यांचे दुकानदार पुंजाराव मात्र अजून हातवाऱ्यांवरच. "तिकून असं जायाचं, मंग असं." हसून पुरेवाट.

१७ फेब्रु.
वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आले. शाल, नारळ, भाषण. मग प्रत्येकाने भिंतीवर लावलेल्या नकाशावर बोट ठेवून बसस्टँडपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता सांगायचा. शीलाताई पुलापर्यंत छान आल्या. पुढे कागदच नाही.
अध्यक्ष हसले, "मॅडम, घर कुठंय?"
ताईंनी बोट खाली उघड्या भिंतीवर टेकवलं. "हिअर."
पुंजाराव म्हणाले, "ते भीमनगर, साहेब. गाव तर पुलापाशीच सरतंय."
कुणाला काही वावगं वाटलं नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

१९ फेब्रु.
ताई आल्या नाहीत. कालही नव्हत्या. दोन दिवस मनातल्या मनात पुंजारावांना शिव्या घालतोय. नकाशा काय त्यांनी काढला? बारा वर्षं या गावात आहे, पुलापलीकडे एकदाही चहाला गेलो नाही. हात तिथं आपोआप थांबला. मोठा आलाय शिकवणारा!

२१ फेब्रु.
नकाशाला खाली एक कागद डिंकाने जोडला. भीमनगर, विहार, अंगणवाडी. अंगणवाडी नक्की कुठं ते ठाऊक नाही, अंदाजे काढली. गुंडाळी घेऊन ताईंच्या घरी गेलो. त्यांनी ओट्यावर पसरून बराच वेळ पाहिलं.
"अंगणवाडी इकडं न्हाई सर, विहाराच्या मागं हाय."
"दुरुस्त करतो."
"आन् जोड बी दिसून राहिला."
"मग नवाच काढतो, ताई."
"काहून? तवा तुमाला आमी आठवलो न्हाई. आता कशाला तकलीफ घेता?"
चहा दिला. पहिल्यांदा तिथला चहा प्यालो, तोही मान खाली घालून. माफी मागायची राहिलीच.

२३ फेब्रु.
उद्या मुलाखत. सहा दिवस ताईंचा सराव नाही. सकाळी फोन केला. "ताई, माझं चुकलं. दुपारी या, एकदा सगळं बोलून घेऊ."
पलीकडून स्वच्छ इंग्रजीत, "आय विल सी, सर."
हे वाक्य मीच शिकवलंय. तोंडावर नाही म्हणायचं नसेल तेव्हा वापरा, असं सांगून.
सव्वादोन. बाकी सगळे आलेत. पुंजाराव विचारतायत, सुरू करायचं का. थोडं थांबू म्हणालो.