कालामीत जाळं टाकायचं नाही

३ फेब्रुवारी

पुन्हा मसूर. माझ्या नवऱ्याने, इग्नातिसने, ताट पुसून खाल्लं. मीही. कालामीची खाडी मासेमारीला बंद करून वर्ष झालं. ते कसं काढलं, आमचं आम्हाला माहीत.

कल्पना त्याचीच. उभा जन्म त्याच खाडीत जाळं टाकलं त्याने, दुसरीकडे त्याला फारसं मिळतही नाही. एकदा अडकलेला नांगर सोडवायला बुडी मारली, वर आला तो पांढराफटक. आमच्याच जाळ्यांनी तळाचं गवत पार उपटून काढलेलं — म्हणे, टक्कल पडल्यासारखं. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात. मग गावातल्या सगळ्या होडीवाल्यांपुढे उभा राहिला. "आजवर समुद्राकडून घेतच आलो. आता कमी घेऊ. कालामी सोडून देऊ."

सगळे हो म्हणाले. माझा धाकटा भाऊ प्रोकोपिससुद्धा — पण हसत. "भावजी, मासे म्हातारपणी तुम्हाला पेन्शन देणार का?"

१० फेब्रुवारी

कालामीत कुणीतरी जाळं टाकतंय!

रानभाजी खुडायला कड्यावर गेले होते. खाली पाण्यात पांढरा डबा तरंगताना दिसला, त्याला बांधलेला दोर जाळ्याच्या ओझ्याने ताठ. म्हणजे आम्ही पोटाला चिमटा काढून राखायचं, आणि कुणीतरी येऊन ताटात वाढून घ्यायचं!

इग्नातिसला सांगितलं. "डबा वाऱ्याने वाहत आला असेल," म्हणाला. किती भोळा माणूस!

२३ फेब्रुवारी

ईस्टरआधीचा मोठा उपास आजपासून. गावाचा चाळीस दिवसांचा, आमचा बारमाही! स्वतःच्याच विनोदाला हसले. मग रडूच आलं.

२ मार्च

देवाला डोळे आहेत म्हणायचे. इग्नातिसला पलीकडच्या बंदरावर रंगकाम मिळालं. पहाटेच होडी घेऊन जातो. पीठ आणलं, तेल आणलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही आणल्या. त्या मी थंडीतच बंद केल्या होत्या, त्याला पत्ता लागू न देता. कळलं कसं कोण जाणे! "रिकामी डबी किती दिवस उघडून बघणार होतीस?" एवढंच म्हणाला. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

९ मार्च

डबा पुन्हा तिथेच. आणि प्रोकोपिसच्या होडीला नवं इंजिन! कुठून आलं?

कॉफीच्या दुकानात जाऊन सगळ्यांसमोर विचारलं, कालामीत कोण जातं? सगळे हसले. एकजण म्हणाला, "मिर्सिनीबाई, खाडीला कुलूप लावून घ्या की!" प्रोकोपिस मात्र कपात बघत बसला.

घरी येऊन इग्नातिसला म्हटलं, चोर माझा भाऊच. तो एकदम उखडला. "भावाबद्दल असं बोलू नकोस!" इतका चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याच माहेरच्या माणसाची बाजू घेतो, आणि मीच ती सोडते.

१७ मार्च

झोप नाही. वाटतं, कशासाठी हे सगळं? आपण एक घास सोडला की दुसरा दोन खातो. समुद्राला काय कळणार, कोणी सोडलं आणि कोणी घेतलं?

२५ मार्च

काय करून बसले मी!

आज देवमातेचा सण; उपासातही आज मासा चालतो. घराघरांतून तळणाचा वास. आमच्या घरी नव्हता. चर्चमधून बाहेर पडले तर प्रोकोपिस समोर — हातात बायकोने दिलेली झाकलेली थाळी. "ताई, गरम आहे. तासूलाने मुद्दाम तुम्हा दोघांसाठी तळलाय."

सगळं गाव उभं होतं. मी म्हटलं, "चोरीचा मासा माझ्या घशाखाली उतरत नाही."

"हा पलीकडच्या खडकांवरचा आहे, ताई."

"आणि इंजिन? तेही खडकांवर उगवलं?"

त्याचा चेहरा उतरला. "इंजिनासाठी तासूलाने बांगड्या मोडल्या." थाळी पायरीवर ठेवली आणि निघून गेला. मांजरांनी खाल्लं.

आणि इग्नातिस? शेजारी उभा असून खाली बघत राहिला. बांगड्यांचं मला खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. मग छातीत हे काय रुतलंय?

२८ मार्च

तासूला रस्त्यात भेटली. तोंड फिरवलं.

१ एप्रिल

डबा आहे. कड्यावरून बघून आले. बस्स, आता पुरे! शेजारच्या म्हातारीची वल्ह्यांची होडी मागून ठेवलीय. उद्या उजाडताच जाणार, ते जाळं उपसणार आणि चर्चच्या पायरीवर नेऊन पसरणार. बघू दे गावाला, कोणाचं आहे ते.

२ एप्रिल

जाळं आमचं आहे.

वर ओढलं — तडफडणारे मासे, मुळासकट निघालेलं गवत, आणि माझ्या हातच्या गाठी. दर थंडीत शेगडीपाशी बसून मारलेल्या. माझी गाठ मला दुसऱ्या कुणी ओळखून द्यावी लागत नाही.

मासे एकेक करून सोडले. घरी येऊन ओलं जाळं त्याच्या पायाशी टाकलं. "तुझ्या गोळ्या..." म्हणाला, आणि खाली बसून जाळ्यातलं गवत वेचायला लागला. आज निघण्याआधीही मी एक घेतली होती.

प्रोकोपिसकडे जायचंय. इग्नातिस दारात उभा आहे, टोपी हातात. म्हणतो, "तू गप्प राहा. मी बोलतो."