अप्पांच्या छातीतले तिघे

दुबलगुंडी, मंगळवार

चि. अनिलकुमार,

तुझ्या अक्काचे आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. तूही कलबुर्गीत पुस्तकांतून डोकं वर काढून वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. (आई म्हणते, धरून चालू नको, विचार.) ऑपरेशनला तू आला नाहीस, जत्रेलाही नाही. पीएच.डी. असते, आम्ही समजून घेतो.

अप्पांच्या छातीत सोलापूरच्या डॉक्टरांनी काडेपेटीएवढं यंत्र बसवलं, हे तुला ठाऊक आहे. काळीज थकलं की ते त्याला हळूच हलवून जागं करतं. मला अजून नवल वाटतं. अप्पा दुपारी आडवे झाले की मी उगाच छातीला कान लावून येते. पण पुढचं सगळं तुझ्यामुळे झालं. दिवाळीत तू अभ्यासाची एक कादंबरी इथे विसरलास, ती मी अप्पांना वाचून दाखवली. त्यातल्या माणसाचा आधी हात बदलतात, मग डोळा, मग काळीज, आणि तो आरशासमोर उभा राहून विचारतो, मी कोण? अप्पांचं शेंगा सोलणं थांबलं. "तुळजा, मग जत्रंत बिरोबा माझ्या अंगात कसा यील गं? आत अगोदरच एकजण बसलाय की."

तीस वर्षं देव त्यांच्याच अंगात येतो. त्यांचं जेवणच तुटलं. "देवाला काय जागा कमी पडायली व्हय?" असं आई म्हणाली, पण ऐकतो कोण.

गावानं मात्र चोख तयारी केली. यंत्राला मोबाईल चिकटवून ठेवू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. आपल्या लोकांनी अख्ख्या जत्रेचे मोबाईल गोळा करून भंडाऱ्याच्या टोपल्यात घातले (माझा अजून पिवळा आहे). देव आला की "कोण हायस?" असं विचारायचा मान जगदेवअण्णांचा. ते दवाखान्यानं दिलेलं यंत्राचं कार्ड हातात धरून उभे होते, यंत्रच बोललं तर नाव-नंबर ताडून बघता यावा म्हणून.

ढोल लागले आणि अप्पा घुमायला लागले. इतकी वर्षं बघते आहे, पण यंदा माझ्या अंगावर काटा आला. माणसाचं काळीज, डॉक्टरांचं यंत्र आणि देव, एवढ्याशा छातीत तिघं मावले कसे? ढोल थांबले. अण्णांनी विचारलं. "बिरोबा हाय," अप्पा म्हणाले. सगळ्या गावानं हात जोडले, अण्णांनी कार्ड खिशात घातलं. घरी येऊन अप्पा तीन भाकरी जेवले.

तुझी अक्का,
तुळजा

ता.क. त्या आरशापुढच्या माणसाला उत्तर मिळालं का, ते कळव. शेवटची पानं आईनं पापडांखाली घातली.

ता.क. आणखी एक, लिहावं की नको कळत नव्हतं. जाता जाता बिरोबानं अण्णांच्या कानाशी वाकून विचारलं, "अनिल आला का?" (अण्णांनीच मागून मला सांगितलं.) देवाचं तुझ्याशी काय काम असणार? यंत्राला तर तुझं नाव माहीत नाही. मग आत कोण होतं, ते तूच येऊन ठरव, तुझा अभ्यास आहे. रविवारी ये. मी लिहिलं हे अप्पांना सांगू नकोस.