उचापत्याच्या मुखवट्यांची वाटणी

मी, ज्याला लाँड्रीत सगळे उचापत्या म्हणतात तोच, वय तेवीस, शिक्षण दहावीला दोनदा बसण्याइतकं, आज रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. (आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "कधीपासून?" तेही लिहून ठेवतो. मृत्युपत्रात काही लपवू नये म्हणतात.) कुणी दमदाटी केलेली नाही. कुणी काही पाजलेलं नाही, चहा सोडून.

आधी खुलासा. मी स्वतः मरत नाहीये. मरतोय तो उचापत्या. उद्या सोमवारी मी घडी-इस्त्री खात्याचा मुकादम होईन असं दिसतंय, आणि मुकादमाच्या अंगात उचापत्या राहू शकत नाही. एका म्यानात दोन तलवारी कशा मावणार? म्हणून त्याची इस्टेट त्याच्या हयातीतच वाटून टाकतो, मागून भांडणं नकोत.

कलम १. इस्टेट काय आहे. कागदाच्या लगद्याचे मुखवटे, नग अकरा. सगळे लाँड्रीतल्या माणसांचे. लगदा भिजवायचं पातेलं एक, हे आईचं होतं, मी न विचारता घेतलं, आता विचारायला उशीर झालाय. ब्रश चार, त्यातले दोन टकले. डिंकाचा डबा, झाकण निघत नाही. आणि एक अर्धवट मुखवटा, ज्याला अजून नाक-डोळे नाहीत. तीन महिने तो तसाच पडलाय.

पातेलं, ब्रश आणि डबा माझ्या धाकट्या बहिणीला. तिनं लगदा वाटताना मिक्सर वापरू नये. मी वापरला होता. तो मिक्सर आपल्याला पुन्हा दिसला नाही, हे तिला आठवत असेल.

कलम २. तीन महिन्यांचं कारण. मुकादम निवृत्त होणार हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, एप्रनच्या खिशात साबणाचा फेस कुणी भरला ते विचारणार. (मीच भरला होता.) पण ते म्हणाले, "बस. हात चांगला चालतो तुझा. डोकंही चालतं. फक्त ते कुठे चालतं ते माझ्याच्यानं बघवत नाही. तीन महिने एक खोडी नाही, एक मुखवटा नाही. रोज चहाच्या सुट्टीत इथे माझ्याशेजारी बसायचं आणि कामाची वही शिकायची. मग मालकीणबाईंपुढे तुझं नाव घालतो."

मी हो म्हणालो. घरी येऊन सगळे मुखवटे आईपुढे ठेवले आणि म्हटलं, माळ्यावर टाक. परत त्यांच्याकडे बघितलं नाही. वही शिकलो, मशीनच्या वेळा शिकलो, कुठल्या हॉस्पिटलच्या चादरी कुठल्या दिवशी येतात ते झोपेतसुद्धा सांगेन. हात मात्र शिवशिवायचे. एकदा पिठाचा गोळा मळता मळता त्याला नाक काढलं आणि घाबरून लगेच दाबून टाकलं.

कलम ३. हे सगळं कशासाठी. लाँड्रीत कोण कुठे उभं राहणार ते मुकादम ठरवतो. माझी आई एकोणीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवर उभी आहे. घरी आली की आधी जमिनीवर बसते आणि पाय भिंतीला वर लावते, म्हणते, "रक्त खाली साचलंय, जरा माघारी पाठवते." दुरुस्तीच्या टेबलापाशी खिडकी आहे आणि एक खुर्ची आहे. अख्ख्या लाँड्रीत पाठ टेकायला तेवढी एकच. गेल्या महिन्यात ती रिकामी झाली. ती खुर्ची मी मुकादम झाल्या दिवशी आईला.

ही खुर्ची मुकादमांनी आजवर तिला का दिली नाही, ही माझी तक्रार मी इथे कायमची नोंदवून ठेवतो. "इस्त्रीवर तुझ्या आईसारखा हात नाही," असं ते म्हणतात. चांगला हात असणाऱ्याचे पाय दुखत नाहीत की काय?

कलम ४. शत्रूबद्दल. मी साधू झालो आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत लाँड्रीत माझ्या धाटणीच्या खोड्या सुरू झाल्या. खोड्या तीन, तिन्ही चहाच्या सुट्टीतल्या, तिन्ही मी मुकादमांच्या खोलीत वहीत डोकं घालून बसलेलो असताना.

पहिली. चादरींच्या ढिगावर मुकादमांचा मुखवटा, डोक्यावर टोपी. लांबून हुबेहूब. लोक सुट्टी संपायच्या आधीच कामाला लागले. घडीवरचा मोजपट्टी, ज्याच्या चादरीची कड कधी सुतभर हलत नाही, त्यानं तर ढिगापुढे उभं राहून दोन दिवसांची रजा मागितली आणि "बरं साहेब" म्हणून परत आला. मुकादमांनी तो मुखवटा ड्रॉवरमध्ये जप्त केला, मला बघूसुद्धा दिला नाही.

दुसरी. बाकावर बसलेल्या सात जणांच्या एप्रनच्या नाड्या एकमेकांना बांधलेल्या. भोंगा झाला, सगळे एकदम उठले आणि एकदम बसले.

तिसरी. मालकीणबाई पाहणीला आल्या, त्यांनी टॉवेलचं कपाट उघडलं आणि आतून त्यांचाच मुखवटा त्यांच्याकडे बघत होता. नाक मी जरा मोठं केलं होतं, मान्य आहे. बाईंना राग आला तो नाकाचाच जास्त. मी आत बसलो होतो हे मुकादमांनी सांगितलं म्हणून मी वाचलो. पण बाई मला म्हणाल्या, "तू नव्हतास ना? मग कोण होतं ते शोध. सोमवारी सकाळी मला नाव हवंय. आपल्या खात्यातला वात्रट ज्याला ओळखता येत नाही, तो मुकादम कसला?"

मी शोध लावला आहे. हे दोन मुखवटे माझ्या कामावरच्या खणात राहून गेले असणार, आणि शेजारचा खण मोजपट्टीचा. मुकादमपदावर त्याचाही डोळा होताच. तेव्हा उद्या बाईंना मी त्याचं नाव सांगणार. मोजपट्टीचा मुखवटा मोजपट्टीलाच, पण नाक वाकडं करून. जन्मभर सरळ करत बसू दे.

कलम ५. साक्षीदार म्हणून मुकादमांना चहाला बोलावलं होतं. ते आत्ताच आले. हातात पिशवी आहे. बसायला सांगितलं तर आधी खुर्चीचे पाय तपासले. साहजिक आहे.

इथून पुढे जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आईनं चहा ठेवला आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागली. कलम चारपाशी थांबली.

"खोड ते."

"काय खोडू?"

"मोजपट्टीचं नाव. त्या बिचाऱ्याच्या बापजन्मात खोडी झाली नसेल. त्याला रजा हवी होती, ती अजून मिळाली नाही."

"मग कोणी केलं?"

आई कपबशी पुसत बसली. बशी केव्हाच कोरडी झाली होती. मग म्हणाली, "माळ्यावर टाक म्हणालास. माळ्यावर हात पोचत नाही माझा. डब्याच्या पिशवीपर्यंत पोचतो."

बहीण दारात उभी होती, ती तोंडावर हात धरून आत पळाली. म्हणजे तिला माहीत होतं.

"अगं, माझी बढती जाणार होती तुझ्यापायी!"

"कशी जाईल? तू मुकादमांच्या मांडीला मांडी लावून बसलेला असायचास तेव्हाच करत होते मी. म्हटलं, एकदा बघू देत सगळ्यांना, जगातला प्रत्येक वात्रटपणा माझ्याच पोराचा नसतो." मग जरा हळू म्हणाली, "आणि घरात तीन महिने कुणी हसलं नाही रे. तू जेवताना मशीनच्या वेळा म्हणायचास. मला नाही सवय त्याची. खुर्चीत बसून असल्या घरी यायचं, त्यापेक्षा उभी बरी होते मी."

आता माझी पंचाईत बघा. खरं नाव सांगितलं तर आईची नोकरी जाते. नाही सांगितलं तर बढती जाते, आणि आई राहते वाफेपुढे. मी म्हटलं, "उद्या सांगतो, मीच केलं."

"आणि मी खोटा पडतो," मुकादम म्हणाले. ते इतका वेळ चहा फुंकत होते. त्यांनी पिशवीतून जप्त केलेला मुखवटा काढला आणि माझ्यापुढे उलटा ठेवला. "टोपी बघ. आतून."

टोपी घसरू नये म्हणून मुखवट्याला टाके घातले होते. लाल दोरा. आणि शेवटी, लाल दोऱ्याची उलटी फुली.

वकिलाला माहीत नसेल म्हणून लिहितो. आमच्याकडे प्रत्येकजण आपल्या गठ्ठ्याच्या कोपऱ्यात आपली खूण घालतो, चूक निघाली तर कुणाची ते कळावं म्हणून. मोजपट्टीची खूण निळी रेघ. आईची लाल उलटी फुली. एकोणीस वर्षांच्या सवयीनं तिनं चोरीच्या मालावरही सही ठोकली होती.

आईनं कपाळावर हात मारला. "अगोबाई! हात आपोआप गेला असणार."

"पहिल्याच दिवशी दिसली मला," मुकादम म्हणाले. "म्हणून ड्रॉवरला कुलूप घातलं. आणि तू रे, वही पाठ केलीस, पण माणसांच्या खुणा बघायचं विसरलास. पहिलीच परीक्षा नापास."

"सवय आहे मला नापास व्हायची," मी म्हणालो. "दोनदा बसतो मी."

तेव्हा मुकादम हसले. खरंच हसले. वाफेची झडप उघडावी तसा आवाज आला, आधी फुस्स आणि मग थांबेचना.

"उद्या बाईंना माझं नाव सांग," ते डोळे पुसत म्हणाले. "उद्या माझा शेवटचा दिवस. मला काय काढून टाकणार?"

"पण ते खोटं होईल," आई म्हणाली.

"खोटं कसं? पुरावा माझ्या ड्रॉवरमध्ये, मी तीन महिने गप्प. चोराचा जोडीदारही चोरच." मग त्यांनी कलम तीनवर बोट ठेवलं. ते त्यांनी कधी वाचलं देव जाणे. "तुझी तक्रार बरोबर आहे. दुसरा असा हात मिळणार नाही, या भीतीनं तिला हलवली नाही मी. ताई, चुकलो." आईला त्यांनी ताई म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आई म्हणाली, "चहा गार होतोय," आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

कलम ६. दुरुस्त्या. कलम ४ मधला निकाल रद्द. मोजपट्टीला त्याचा मुखवटा सरळ नाकाचा मिळेल, आणि मी मुकादम झालो तर पहिली सही त्याच्या दोन दिवसांच्या रजेवर.

मुकादमांचा मुखवटा मुकादमांना. उद्या शेवटचा भोंगा झाला की तो तोंडावर चढवूनच ते बाईंना नमस्कार करणार आहेत. मी म्हटलं, कोणाला फरक कळणार नाही. ते म्हणाले, "कळेल. मुखवटा हसत नाहीये."

उरलेले मुखवटे ज्याचे त्याला. मालकीणबाईंचा सध्या कुणालाच नाही. आधी नाक तासायचं आहे.

कलम ७. मयताबद्दल. आईच्या हुकुमावरून उचापत्या सोमवार ते शनिवार मेलेला धरावा. रविवारी दुपारी या टेबलापाशी तो असेल. कुणी वही घेऊन आल्यास हाकलून देण्यात येईल.

अर्धवट मुखवटा मी कुणालाच देत नाही. तो आईचा करतोय. इतकी वर्षं सगळ्यांचे केले, तिचा करायचं सुचलं नाही, आणि समोर बसलेली असून ती ओळखता आली नाही. नाक काढायला आत्ताच सुरुवात केली आहे. ती म्हणते, "लहान काढ."

वर लिहिलेलं सगळं दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एकजण हसला, एक म्हणाली शुद्धलेखन भयंकर आहे.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, डिंक सांडलेली बाजू.
दिनांक: रविवार, मुकादमांच्या शेवटच्या दिवसाचा आदला दिवस.

सही: उचापत्या (अंशतः मयत)

साक्षीदार पहिला: मुकादम, उद्या संध्याकाळपर्यंत. सही सोबत, आणि त्यांची मुकादमकीची शिट्टीही, कागद उडू नये म्हणून त्यांनीच वर ठेवली आहे.

साक्षीदार दुसरी: आई. तिनं पेन घेतलं नाही. सुई आणली आणि कागदाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची उलटी फुली घातली.