मळ जोडीनं निघतो

प्रिय आत्याबाई,

उद्यापासून घरचा दसरा काढायचाय. भांडी, गोधड्या, माळ्यावरचं सामान, सगळं खाली येणार. तुमच्याशिवायचा हा पहिलाच दसरा. आज दुपारी तुमच्या राखेच्या डब्यामागं मला काहीतरी सापडलं, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक आहे. तरी लिहिते.

तुम्ही उदगीरकडच्या. गावाहून येताना दर खेपेला गोवऱ्यांची राख डब्यात भरून आणायचात. लातूरच्या घरात राख बघून मी तोंड वाकडं केलं की म्हणायचात, "कपाळाला लावली की चालती, अन् भांड्याला लावली की घाण व्हती का गं?" मी डबा पायानं कोपऱ्यात सरकवायची.

पण तुमची राख कधी एकटी नसायची. सोबत लिंबाची साल किंवा रिठ्याचं पाणी. तांब्याला चिंच, तर चिंचेला मीठ. "मळ एकट्यानं न्हाई निघत, जोडीनं निघतो," हे तर रोजचंच. भांडं चकाकलं की कानडीत "साकू" म्हणायचात, म्हणजे पुरे, आणि मग हात धुवायचात. तुमच्यासारखं घंगाळ मला अजून घासता येत नाही.

हरलात ते फक्त बोअरच्या पाण्यापुढं. त्या जड पाण्यानं न्हाणीघराच्या फरशीवर पांढरा थर धरायचा. तुम्ही चिंचेचं पाणी ओतून चार-चार दिवस घासायचात. थर पातळ व्हायचा, जायचा नाही. मागच्या दसऱ्याला नांदेडहून तुमची लेक येणार होती. तिची फरशी आरशासारखी, आणि आपली अशी. मी दारावरच्या गाडेवाल्याकडून एक बाटली घेतली. शरबताची जुनी बाटली, वर कागद नाही, आत पिवळसर पाणी.

"तुमचं राख-चिंच आता बास झालं, आत्याबाई. हे बघा." फरशीवर थोडं ओतलं तसा थर फसफसला. तुम्ही दोन पावलं मागं सरकलात. "तेजाब हाय गं ते. घरात नगं." मी हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. बाटली नळाजवळ ठेवलेली होती. शेजारी टाकी धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर. तुम्ही काय केलंत ते मला न बघताही दिसतं. एकट्यानं पूर्ण निघेना, म्हणून जोडी लावलीत. जन्मभर जे केलं तेच. या दोघांची जोडी लावायची नसते, हे तुम्हाला कोण सांगणार होतं? मलाच माहीत नव्हतं.

पण दार का लावून घेतलंत? तुमची नात गौरी बाहेर अभ्यास करत होती, तिला वास जाऊ नये म्हणूनच ना? खोकला तिनंच ऐकला. "आजी खोकत खोकत घासतच होती," असं ती सांगते. समोरच्या काकूंनी दार ढकलून तुम्हाला बाहेर ओढलं.

दवाखान्यात दोन दिवस. मास्क सरकवून एकदाच बोललात, "फरशी निघाली का?" मी हो म्हटलं. "साकू," म्हणालात. निघाली नव्हती, आत्याबाई. तिथं आता खरबरीत डाग पडलाय, आधीच्या थरापेक्षा वाईट. मी त्यावर पाट ठेवते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्ही एकत्र झालं की विषारी वायू निघतो. मी ते कुणालाच सांगितलं नाही. सुनेनं आणलेल्या बाटलीनं सासू गेली, हे कुठल्या तोंडानं सांगू? आत्याबाईंना जुना दमा होता, असं सांगितलं. तुमच्या लेकीला, गौरीला, काकूंनाही. सगळ्यांना ते पटलं.

आणि आज हे. राखेचा डबा ओढला, तर मागं तुमच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली बाटली. तशीच, शरबताची, गच्च भरलेली. मी तर एकच आणली होती. ही तुम्ही घेतलीत, मला न सांगता. मी हसले म्हणून? तुम्हालाही जमतं, हे मला दाखवायचं होतं?

काल गौरी त्याच डब्यातून राख घेत होती. देवाचा तांब्या घासताना तुमच्याच सुरात म्हणत होती, "एकट्यानं न्हाई निघत, जोडीनं निघतो." काल ऐकून डोळे भरून आले होते. आज ते आठवलं आणि मी बाटली तशीच उचलून गच्चीकडं पळाले. वर्षभर ती बाटली लेकरापासून हातभर अंतरावर होती.

आता ती गच्चीवर वाळूच्या बादलीत आहे, गच्चीला कुलूप घातलंय. कुठं टाकायची ते कळत नाही. मोरीत ओतायची भीती वाटते, कचऱ्याच्या गाडीत टाकावी तर तिथल्या माणसाच्या हातात जाईल.

हे लिहितानाच गल्लीच्या तोंडाशी आरोळी ऐकू येतेय. "फिनेल, ॲसिड, बाथरूम साफ!" वर्षभर ही आरोळी आली की मी खिडकी लावून घ्यायची. आज लावली नाही. गाडा पुढं सरकतोय.

थांबला. समोरचं फाटक वाजलं. त्याच काकू, आत्याबाई. त्यांच्याकडंही दसरा काढणं चाललंय, आणि त्यांच्या न्हाणीत ब्लीचिंग पावडरीचा डबा आहे. आपलाच. तुमच्यामागं मला तो घरात नको झाला, म्हणून मीच त्यांना दिला होता.

पत्र इथंच सोडून उठते. गौरीलाही सोबत नेते, तिनंही ऐकायला हवं. तुमची म्हण मी मोडणार नाही. फक्त जोडी कुणाची, हे आधी विचारायचं, एवढं तिला शिकवीन. पण आधी ते फाटक. तिथं माझं पहिलं वाक्य काय असेल, याचा शब्द तुम्हाला देते: "काकू, आमच्या आत्याबाईंना दमा नव्हता."

तुमची सून,
संगीता