माझ्या नावाची मूठ

एडिंबरो, स्कॉटलंड
रविवार, १९ ऑगस्ट १९३४

तीर्थस्वरूप मायच्या चरणी रेवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले. प्रकृती उत्तम आहे. हे पत्र आबा तुला वाचून दाखवतील. माझी पुस्तकी मराठी त्यांनी आपल्या बोलीत उलगडून सांगावी, एवढी त्यांना विनंती.

काल संध्याकाळी आगगाडीने आले आणि आज शहर पाहिले. कॉलेज उघडण्यास अवकाश आहे. मिसेस रीड नावाच्या वृद्ध विधवा बाईंच्या घरी मला खोली मिळाली आहे. शहराच्या मधोमध काळ्या कातळावर किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी बाग, आणि बागेत चक्क फुलांचे घड्याळ! रोपांवरून काटे फिरतात आणि वेळ बरोबर दाखवतात. आबांना हे खरे वाटणार नाही. ट्रामगाडीला वर माडी असते. रविवार म्हणून दुकानांचे पडदे ओढलेले होते आणि काळ्या पोशाखातली माणसे मुकाट्याने प्रार्थनेला चालली होती. रस्ता इतका शांत, की माझ्याच वहाणांचा मला संकोच वाटू लागला. संध्याकाळपर्यंत मी एक शब्दही बोलले नाही. इंग्रजीत पहिली आलेली मुलगी साधी वाट विचारायला धजावली नाही, हे आबांनी शाळेत सांगू नये.

स्टेशन फार मोठे आहे. रस्त्याच्या खाली खोलगट जागेत, वर काचेचे छप्पर. मी ते दोनदा पाहिले.

यंदा कपाशी कशी आहे? तांबडी गाय व्याली का?

माय, आज कानबाईचा रविवार. रोटांच्या दळणासाठी घरच्या एकेका पुरुषाचे नाव घेऊन तू सुपात गव्हाची मूठ टाकली असशील. लहानपणी मी तुला विचारले होते, "माय, मन्ही मूठ कोठे शे?" तू हसून म्हणालीस, "आंडोरनी मूठ ऱ्हास, आंडेरनी नही. आंडेर सासरी जास." लेक सासरी जाते, म्हणून तिची मूठ नाही. आणि मी तर सासरीही न जाता येथे आले.

शहाद्याच्या स्थळाला मी नकार दिला, तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. निघताना मी पाया पडले, तेव्हा तू जात्याशी बसली होतीस. आबा म्हणाले, "अवं, पोर निंघी ऱ्हायनी, देख तरी." तू वर पाहिले नाहीस. खुंट्यावरचा हातही काढला नाहीस. पण जाते थांबले होते, माय. ते मी पाहिले.

स्टेशन दोनदा का पाहिले, तेही आता लिहिते. दुसऱ्या खेपेस मी तिकिटाच्या खिडकीशी उभी होते. आतल्या माणसाने विचारले, "कुठे जायचंय?" मला "म्हसावद" हे आपल्या गावाचे नाव, एवढा एकच शब्द सुचला. तो ओठांवर आला आणि मी मागच्या बाईंना वाट करून दिली. बाकावर बसून मनात आले, येथे दुपार आहे, म्हणजे घरी दिवेलागण झाली. कानबाईपुढे समया लागल्या असतील, बाया गाणी म्हणत असतील. मी परत गेले, तरी सुपात माझी मूठ पडणार नाही. मग ती मीच का मोजू नये?

घरी येऊन मी मिसेस रीडना म्हटले, "मला मूठभर गव्हाचे पीठ हवे आहे." या शहरात मी स्वतःहून बोललेले हे पहिले वाक्य.

"आज? रविवारी मी काही करत नाही, मुली."

"आमच्या देवीसाठी."

त्यांनी पिठाचा डबा पुढे केला. "देवाचं असेल तर घे." मग माझा हात पाहून हसल्या, "एवढ्याशा मुठीत काय मावणार? थांब, मी घालते."

"नको," मी म्हटले. "माझीच मूठ हवी."

त्यांच्याकडे वरून कडी असलेला लोखंडी तवा आहे. त्यावर गोड रोट भाजला. तो काही तुझ्यासारखा झाला नाही. एका बाजूने काळा पडला. खिडकीत ठेवून कानबाईला दाखवला आणि डोळे मिटले. उघडते तो मिसेस रीडनी एक तुकडा मोडून तोंडात टाकलेला! "करपलाय," त्या म्हणाल्या, "पण बाई, छान आहे." मला थांबवता आले नाही. रोट भाऊबंदांबाहेर कोणाच्या तोंडी जाऊ नये, ही आपली रीत त्यांना इंग्रजीत कशी सांगावी, हेच मला सुचेना. उरलेल्यातला निम्मा आम्ही दोघींनी खाल्ला. निम्मा झाकून ठेवला आहे.

आता तूच सांग. माझ्या हातून रीत मोडली का? की एडिंबरोत आपले भाऊबंद निघाले? आणि मुळात मुलीने मोजलेल्या मुठीचा रोट, तो रोट होतो का? हे आबांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांना फक्त खाणे माहीत. कानबाईची रीत घरात एकट्या तुलाच ठाऊक आहे, तेव्हा उत्तर तुलाच द्यावे लागेल. तू बोल, आबा लिहितील. अहिराणीतच लिहावे, तुझ्या तोंडचा एकही शब्द सुधारू नये.

तोवर तुझ्याच घरची,
तुझी आंडेर
रेवा