दहा चौकटी, दहा शून्यं

तीर्थरूप ताईस,

दाराबाहेरूनच शिरसाष्टांग नमस्कार, कारण दाराच्या आत तू हल्ली घेत नाहीस. म्हणून हे पत्र फटीतून सरकवतोय. तुझा गुडघा कसा आहे ते विचारायला परवा आलो होतो, पण ज्या वेगाने येऊन तू कडी घातलीस त्यावरून गुडघा सुधारलाय असं दिसलं. बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक. मी रोज आठला डबा घेऊन निघतो, साडेपाचला परततो. हिला (म्हणजे तुझ्या भावजयीला) या प्रकरणातलं अजून काही बोललेलो नाही, तेव्हा तूही तूर्त बोलू नकोस.

तू चिडली आहेस, आणि तुझ्या जागी मी असतो तर दार उघडून दोन थोबाडीत देऊनच परत लावलं असतं. ‘भाऊ कसला, वैरी आहेस’ हे तुझं वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. भाऊजींच्या नोकरी गेल्याच्या पाकिटात ज्या कागदाची प्रत निघाली त्यावरचं अक्षर माझंच आहे. त्यांच्या नावापुढच्या दहा चौकटी आणि त्यातली दहा शून्यं मीच काढली आहेत. नाकारत नाही. पण ती कशी काढली ते ऐकून घे, मग पाहिजे तर आणखी एक कडी बसव.

तुला आमचं काम माहीत आहे म्हणतेस, पण नीट माहीत नाही. बावीस वर्षं आम्ही दोघं कुलपाच्या कारखान्यात एकाच टेबलावर बसतो. मी किल्ली घालतो, फिरवतो, कान लावून ‘टक्’ ऐकतो. भाऊजी कडी ओढून बघतात. प्रत्येक कुलपाला एक कार्ड असतं, त्यावर दहा चौकटी. किल्ली अडकते का, कडी डुगडुगते का, रंग सुटलाय का, असं. जितके दोष तितका आकडा. दहाही चौकटींत शून्य आलं की कुलूप खोक्यात. आमच्या टेबलावर शून्याइतका देखणा आकडा नाही, ताई. (घरी भाजी फर्मास झाली की मी हिला ‘शून्य’ म्हणतो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती रडायची, आता लाजते.) एकदा सकाळभरात एकाही कुलपात खोट निघाली नाही, तर आठवड्याला एक वाक्य बोलणारे तुझे यजमान चक्क ‘वा’ म्हणाले होते.

अशा माणसांमध्ये ती मापवाली बाई आली. (नाव आम्हीच ठेवलं. कुठला माणूस कुठल्या कामाला आणि कुठल्या घोळक्यात शोभतो याचं माप घ्यायला वरून पाठवली होती.) बाई वाईट नाही हो. तिने आम्हा सहाजणांना कॅन्टीनमध्ये बसवून कागदी पेल्यांचा मनोरा रचायला लावला. भाऊजी प्रत्येक पेला घट्ट बसलाय का ते ओढून बघायचे, त्यामुळे मनोरा तीनदा कोसळला. मग म्हणाली, तुम्ही प्राणी असता तर कोणता असता? पॅकिंगवाला म्हणाला सिंह. रंगवाला म्हणाला मधमाशी (हा दुपारी दोन ते तीन टेबलाखाली घोरत असतो). भाऊजींनी इतका वेळ विचार केला की बाईचा चहा गार झाला. मग म्हणाले, ‘कारखान्यात प्राण्यांना मनाई आहे, फाटकावर पाटी आहे.’ बाईने ते लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

शेवटी आला तो कागद. प्रत्येकाने शेजारच्याचा भरायचा. सगळ्यांत मिसळतो का, पुढाकार घेतो का, बदल पचवतो का, अशा दहा चौकटी, आणि आकडा घालायचा. आता तूच सांग, दहा चौकटी पाहिल्यावर माझ्या हाताला दुसरं काय सुचणार? मी तर भारावून गेलो. इतक्या वर्षांत भाऊजींबद्दल चांगलं लिहायला कुणी कागदच दिला नव्हता. एकेक चौकट घेऊन मी त्यांच्यात खोट शोधली. तुझी भावजय तीन आठवडे दवाखान्यात होती तेव्हा माझी किल्ली आणि त्यांची कडी, दोन्ही कामं त्यांनी एकट्यानं केली, आणि नंतर त्याचा उच्चारही केला नाही. कुठला दोष घालू? शून्य. माझ्या दहा चुका त्यांनी साहेबांपर्यंत जाऊ दिल्या नाहीत. शून्य. गोल, वळणदार, तोंड नीट मिटलेली शून्यं काढली. दहा म्हणजे उत्तम, ही सूचना कागदाच्या पाठीवर होती. मी कागद उलटलाच नाही. कुलपाच्या पाठीवर फक्त कारखान्याचा शिक्का असतो, वाचायला तिथे काही नसतं.

सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावून पाकीट दिलं. टेबलासाठी आता मशीन येणार, जोडीला एकच माणूस हवा, आणि तुम्ही त्यात बसत नाही, एवढंच सांगितलं. भाऊजी परत आले, चष्म्याची डबी उचलली, पुसायचं फडकं चार घड्या करून माझ्यासमोर ठेवलं आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी हात धुवायच्या खोलीत जाऊन रडलो, ताई. पन्नाशी उलटलेला माणूस नळ सोडून रडतो, त्याला कळत नाही की नळ बंद केल्याशिवाय बाहेर येता येणार नाही. तू ते पाकीट त्यांना उघडू दिलं नाहीस, आतला कागद दाखवला नाहीस, हे फार चांगलं केलंस.

बुधवारी मी जुनं रजिस्टर आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन त्या बाईकडे गेलो. तिने कार्डं पाहिली, माझा कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, ज्याने लिहिलं त्याने माझ्यासमोर दुरुस्त करावं. मी कोऱ्या कागदाच्या दहा चौकटींत दहा-दहा लिहिले. आमच्याकडे एवढे दोष असले तर कुलूप थेट भट्टीत जातं. आता शनिवारी सकाळी दहाला भाऊजींनी येऊन दुरुस्त कागदावर सही करायची, की ती एक जागा त्यांची. एवढंच सांगायला परवा आलो होतो. आता तरी राग सोड.

तुझा धाकटा,
(वैरी म्हणालीस तरी धाकटाच)

ता. क. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. सोमवारी पाकीट मलाही मिळालं. मी डबा घेऊन निघतो तो बागेत जातो. माळी आता मला ओळखतो.

आणखी एक. माझा कागद भाऊजींनी भरला होता. बाईने दाखवला. दहा चौकटी, दहा शून्यं. त्यांनीही कागद उलटला नव्हता. तेही दुरुस्त करू शकतात असं ती म्हणाली, पण मग दोघांचे दहा होतील आणि जागा एकच. तो कागद मी आहे तसाच ठेवायला सांगितला.

हेही सांगून टाकतो. माझा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, उजवाही निघालाय. ‘टक्’ मला ऐकू येत नाही. कुलपात खोट असली की भाऊजी खोकतात, मग मी दोष मांडतो. पॅकिंगवाल्याने तुला त्यांच्या छातीची काळजी घे म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून तू त्यांना औषध पाजते आहेस. त्यांना खोकला नाही, ताई. घरी कधी खोकताना ऐकलंस? ते निमूट पितात, कारण नाही म्हटलं तर तू कारण विचारशील. हे सगळं ठाऊक असणाऱ्या माणसाने माझ्या एकाही चौकटीत दोष मांडला नाही. त्या कागदाने चुकून का होईना, माझ्यापुरतं बरोबर सांगितलंय. भाऊजींपुरतं ते चूक राहू द्यायचं नाही.

तेव्हा औषध बंद कर. शून्यांचं त्यांना कळू देऊ नकोस, कळलं तर त्यांना स्वतः काढलेली आठवतील आणि ते सही करणार नाहीत. कारखान्याच्या कागदात चूक झाली होती, एवढंच म्हण, आणि हे पत्र फाडून टाक. शनिवारी साडेनऊलाच त्यांना घराबाहेर काढ. मी कुठे आहे असं त्यांनी विचारलंच, तर मजेत आहे म्हणावं.